आपण म्हणजे कोण

आम्रपालीला एका जागी बसवत नाही, हे खराडीच्या त्या ऑफिसात वॉचमनपासून सगळ्यांना ठाऊक आहे. फोनवर बोलताना ती अख्खा मजला फिरून येते, चहा उभ्यानेच घेते. काम मात्र तिला मिळालंय लोकांना एकत्र बसवण्याचं. दर दुसऱ्या शुक्रवारी ती तिच्या टीमची रेट्रो घेते. म्हणजे पंधरवड्याचं काम संपलं की सगळ्यांनी गोल बसायचं आणि काय जमलं, काय फसलं, पुढे काय बदलायचं, ते मोकळेपणाने बोलायचं. ट्रेनिंगमध्ये हे फार सोपं वाटलं होतं. पुण्यात मोकळेपणाने बोलणं म्हणजे टोमणा मारून चहाला निघून जाणं, हे त्या ट्रेनिंगवाल्यांना कुणी सांगितलं नसावं.

सुरुवातीला एकदा रेट्रोत दोघांची चांगलीच जुंपली, तेव्हा तिने नियम केला. फळ्यावर चिठ्ठ्या लावायच्या, बिननावाच्या आणि मराठीत, कारण इंग्रजीत सगळे गोडगोड खोटं लिहितात असं तिचं ठाम मत. चिठ्ठीत "तू" नको, "मी" नको. चूक कुणाचीही असो, "आपण" लिहायचं. भांडणं थांबली आणि आम्रपाली खूश झाली. विहाराच्या कमिटीत आयुष्य गेलेले तिचे वडील, भीमराव, तेवढे म्हणाले, "मीटिंग फार शांत झाली ना, की मी चपलांपाशी जाऊन उभा राहतो. खरं काय ते तिथं ऐकू येतं." तेव्हा ती हसली होती.

आता हसू येत नव्हतं. टीमचा टेस्टर अझीम दोन महिने रेट्रोत तोंड उघडत नव्हता. त्यांच्या औषधांच्या ॲपने एकदा गिऱ्हाइकांना एकेक ऑर्डर दोनदा पाठवली, तेव्हापासून. आणि या सोमवारी त्याने दुसऱ्या टीममध्ये बदली मागितली. कारण विचारलं तर म्हणाला, "काही नाही गं, चेंज हवाय." "हे चालणार नाही" असं तोंडावर सांगणारा टीममध्ये तो एकटा. त्याला जाऊ द्यायचं नव्हतं. आपलं कुठेतरी चुकलंय आणि ते दिसत नाही, या विचाराने आम्रपालीला आठवडाभर अन्न गोड लागत नव्हतं.

आजच्या रेट्रोतही तेच. चिठ्ठ्या लागल्या, त्यात अझीमच्या अक्षरातली एकही दिसेना. तिने आडून विचारलं, सरळ विचारलं, गप्प राहूनही पाहिलं. शेवटी "चला, झालं" म्हणाली आणि पटापट लॅपटॉप मिटले. तेव्हा तिला वडिलांच्या चपला आठवल्या. ऑफिसात चपला कोण काढतो? ती आपली दाराशी जाऊन उभी राहिली.

अझीम बॅग खांद्याला लावून निघाला. मागून टीमचा सीनियर, आमोद, म्हणाला, "आपण आज लवकर निघालात?" कुणाची खेचायची असली की आमोद असाच अदबीने बोलतो.

अझीम थांबला. "बघ. तोंडावरही आपण आणि चिठ्ठीतही आपण."

"कुठली चिठ्ठी?"

"डबल ऑर्डर गेल्या तेव्हाची. अक्षर तुझंच होतं. 'आपण घाई केली.' मी घाई केली? मी तर थांबा म्हणत होतो."

ती चिठ्ठी आम्रपालीनेच मोठ्याने वाचली होती आणि वर "व्वा, किती प्रामाणिक" म्हणाली होती.

आमोदने हातातला लॅपटॉप खाली ठेवला. "अरे, ते आपण म्हणजे आपण सगळे. मला धरून."

"तुझ्या तोंडी आपण म्हणजे समोरचा असतो."

आमोद फळ्याकडे बघत म्हणाला, "घाई मीच केली. तू थांब म्हणाला होतास, मी ऐकलं नाही. 'मी' असंच लिहिणार होतो, पण नियम होता ना."

दोघांनीही आम्रपालीकडे पाहिलं. तिला लाज वाटली, सरळ लाज. भांडण मिटवायला केलेल्या नियमाने माफीही गिळून टाकली होती.

"नियम रद्द," ती म्हणाली. "अझीम, बदलीचा अर्ज मागे घे."

"आज सकाळीच मंजूर झाला. सोमवारपासून वरच्या मजल्यावर." त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच तिला जास्त लागलं. दार उघडता उघडता तो म्हणाला, "आपण हे आधी बोलायला हवं होतं."

या वेळचं आपण कोणतं, हे कुणी विचारलं नाही. दार लागलं. आम्रपालीने जवळची खुर्ची ओढली आणि ती बसली.