इर्मेलीबाईंचा सर्व्हर आणि शनिवारची सौना

उत्तरेकडच्या बर्फाळ कुहमो गावच्या इर्मेलीबाईंनी उभ्या आयुष्यात दोनच गोष्टी पारखून घेतल्या नाहीत: नवरा आणि देव. बाकी सगळं, अगदी मिठाचा पुडासुद्धा, तीन दुकानांत विचारूनच घरात यायचं. मग सर्व्हर तरी कसा सुटेल?

त्यांचं लोकरी मोज्यांचं दुकान इंटरनेटवर चालायचं. पहिलं हिम पडलं की अख्ख्या देशाच्या पायांना एकदम थंडी वाजायची. सगळे एकाच वेळी दुकानात घुसायचे आणि भाड्याच्या सर्व्हरवरची साइट आडवी व्हायची. गेल्या हंगामात गिऱ्हाइकं सरळ दुसरीकडे गेली.

"यंदाही तेच झालं तर मी परत शाळेच्या खाणावळीत वाटाण्याचं सूप ढवळायच्या जुन्या नोकरीवर जाणार," बाईंनी जाहीर केलं आणि स्वतःचा सर्व्हर घ्यायला स्वयंपाकघरात तीन दुकानांचे भाव मांडून बसल्या.

"हा सातशे युरोंचा. गोंडस आहे, पण डिस्क एकच. ती गेली की दुकान गेलं."

"मग तो?" वेइयोंनी, म्हणजे नवऱ्याने, कॉफीच्या कपाआडून विचारलं.

"नऊशे. डिस्क दोन, जास्तीचे पंखे मात्र वेगळे घ्या म्हणे. आणि हा साडेअकराशेचा, पंख्यांसकट."

बाईंनी जवळच्या कायानी शहरातल्या दुकानात फोन लावला. "पंखे कशाला हवेत?"

"गरम होतो तो, बाई."

"कुहमोत?"

पलीकडच्या माणसाने पत्ता विचारला. नऊशेवाला घरी आला.

पंख्यांचे पैसे वाचवायचे, तर घरातली सर्वांत गार जागा हवी. ती होती सौनाबाहेरची, म्हणजे लाकडी वाफघराबाहेरची, कपडे बदलायची खोली. आठवडाभर तिथे नाक गोठायचं. वेइयोंनी तोंड उघडलं, पण त्यांचं त्या दिवसाचं बोलून झालं होतं.

हिम पडलं ते नेमकं शनिवारी. ऑर्डरी धडाधड येऊ लागल्या. वेइयोंनी दर शनिवारच्या रिवाजाप्रमाणे सौनाची भट्टी पेटवली, नणंद मिर्या बियरच्या बाटल्या घेऊन हजर झाली. तिघं वाफेत बसले. मिर्या दर पाच मिनिटांनी बाटली आणायला बाहेर, दार सताड उघडं! बाहेरून आधी सर्व्हरची घरघर आली, मग त्याचीच किंकाळी.

"मिर्या, दार लाव! माझा सर्व्हर शिजतोय!" बाई टॉवेल गुंडाळून धावल्या. सर्व्हर बंद पडला होता.

"सर्व्हर की सौना, एक काय ते ठरव, वहिनी."

"सौना विझवू?" वेइयो म्हणाले.

दोघी एकदमच गरजल्या.

"शनिवारी? जीभ झडेल तुझी!" बाईंनी सर्व्हर उचलून गार ओसरीत ठेवला. फोनवरून दुकानाच्या फेसबुक पानावर लिहिलं, 'दुकान बंद. मालकीण सौनात आहे.' आणि परत वाफेत जाऊन बसल्या. वाटाण्याच्या सुपाचा वास त्यांच्या नाकात आतापासूनच भरला होता.

सौना आटोपली, सॉसेज खाऊन झाले. धीर करून बाईंनी सर्व्हर परत त्याच्या खोलीत नेऊन सुरू केला. आणि ऑर्डरींचा नुसता पूर आला. पानावर कोणीतरी लिहिलं होतं, 'आम्हीही सौनातच होतो. आता पाय गार पडलेत, मोजे पाठवा.'

"आता तरी हलवशील ना तो तिथून?" मिर्याने विचारलं.

"कशाला? पंख्यांसकटचा साडेअकराशेवाला घेतला असता, तर बिचारा शनिवारीही राबला असता."