आकाशगंगेची चार मिनिटं

मे १९५५, रविवार सकाळ. संतपूरचं शेत. हजर तिघे: मी; शेताचे मालक अण्णा, म्हणजे तहसील कचेरीत कागदपत्रं सांभाळून निवृत्त झालेले पेशकार; आणि त्यांच्या पत्नी अक्का. काम एकच: अण्णांकडून नोंदवही काढून घेणं.

मी तेव्हा बिदरला शाळेत विज्ञान शिकवत होतो. अण्णांच्या तुरीच्या बांधावर खांब रोवून तारा ताणल्या होत्या. खोपीत लष्कराच्या जुन्या सामानातला रिसीव्हर आणि एक घड्याळ होतं. आकाशगंगेचा मध्य समोरून जाऊ लागला की खरखर वाढायची आणि मापकाचा काटा सगळ्यात वर चढायचा. तारे रोज चार मिनिटं लवकर उगवतात, म्हणून ती वेळही रोज चार मिनिटं अलीकडे सरकायला हवी. सरकली तर खरखर आकाशगंगेची, नाही तर गावातल्या कुठल्या तरी इंजिनाची. हैदराबादच्या प्राध्यापकांना माझा तक्ता पटला, तर ते मला संशोधनाला घेणार होते.

बॅटरी चार्ज करून घेऊन मी शनिवारी यायचो. इतर दिवशी वेळा अण्णा टिपत. उर्दू आकडे, खाडाखोड कुठंही नाही.

मार्चच्या मध्यापर्यंत तक्ता बरोबर उतरला. मग एकाच तारखेला दोन नोंदी आल्या, चार मिनिटांच्या फरकानं. मला असलं गबाळं खपत नाही. मी दुसरी नोंद काळ्या शाईनं गिरगटून टाकली. पुढच्या सगळ्या वेळा चार मिनिटांनी चुकत गेल्या. शेवटी तक्ता मार्चपाशी तोडला, खाली लिहिलं, ‘यापुढच्या नोंदी निरीक्षकाच्या हलगर्जीपणामुळे वगळल्या’, आणि पाठवून दिला.

“अण्णा, पहाटं डोळा लागायचा का तुमचा?” त्या रविवारी मी विचारलं.

“कुनाचा, माजा? उभी नोकरी कचेरीत काडली, कदी जांभई दिली न्हाई.”

“जांभई कशी देतील? सरळ घोरायचे,” अक्का म्हणाल्या. “पन ह्या डब्यासाटी मातर कोंबड्याच्या आदी उटायलेत. मला कदी च्या करून दिला न्हाई, डब्याला गोधडी पांघरायलेत.”

मी वही पुढं सरकवली. “मग एका तारखेला दोन नोंदी कामून?”

अण्णांनी चष्मा लावला. “एक दिस उगवल्यावरची हाय. दुसरी दुसऱ्या दिशी, उगवायच्या आदीची. सूर्य वर आल्याबिगर तारीख बदलती व्हय, मास्तर?”

“रात्री बारा वाजता बदलते.”

“बारा वाजता? सगळे झोपलेले असताना?”

“कचेरीत कोणती तारीख धरायचे?”

“कचेरी धा वाजता उगडायची. तवर दोन्ही तारखा एकच झालेल्या असायच्या.”

मी खोपीतच बसलो. सूर्योदयाआधीच्या प्रत्येक नोंदीची तारीख एक दिवसानं पुढं नेली. वेळा रोज चार मिनिटांनी, एका रेषेत सरकत गेल्या. अण्णा एकदाही चुकले नव्हते. माझ्या शाईखालची नोंद तेवढी वाचता येईना. वही मी त्यांच्याकडेच ठेवली.

सुधारलेला तक्ता गेला, प्राध्यापकांनी मला घेतलं. पुढची वर्षं मी हायड्रोजनच्या लहरींवरून आकाशगंगेचे फाटे कुठून कुठं वळतात ते मांडत आलो. पण सुधारलेला पोचण्याआधीच पहिला तक्ता विद्यापीठाच्या अहवालात छापून गेला होता, खालच्या ओळीसकट. सुधारित तक्त्याबरोबर मी एवढंच कळवलं होतं, ‘तारखा दुरुस्त केल्या आहेत’.

अहवाल घेऊन गेलो तेव्हा अण्णांनी विचारलं, “आमचं कायी हाय का त्यात?”

“निरीक्षक म्हणून उल्लेख आहे,” मी म्हणालो.

त्यांनी इंग्रजी पान हातात धरून अक्कांना दाखवलं.

हलगर्जीपणा निरीक्षकाचा नव्हता, नोंद मी खोडली, असं दोन ओळींचं पत्र अहवालाच्या संपादकांना लिहायचं आहे. दर जानेवारीत कामांची नवी यादी करतो, तेव्हा हे काम सगळ्यात वर उतरवून घेतो. यंदाही घेतलं आहे. पत्र लिहायचं आहे.