कानावरची खूण

आबांना बारामतीत सहा वेळा शॉक दिले, त्या कागदावर सही माझी आहे. ती का केली, याची दोन कारणं आहेत. एक मी लोकांना सांगत आलो. दुसरं कुणालाच सांगितलं नाही, ते इथं लिहितो.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. आम्ही इंदापूर तालुक्यात, निरवांगीच्या शिवारात राहत होतो. मी प्राथमिक शाळेत मास्तर होतो आणि आबा, म्हणजे माझे वडील, मेंढरं राखायचे. दिवाळी झाली की कळप घेऊन कोकणात उतरायचं आणि ज्येष्ठात माघारी यायचं, असं त्यांचं वर्ष असे. मला त्याची लाज वाटायची. मी इस्त्रीची पँट घालून फळ्यापुढं उभा, आणि खिडकीबाहेरून माझा बाप खांद्यावर घोंगडं टाकून मेंढरं हाकत चाललाय, हे मला खुपायचं. चराऊ रानं उसाखाली गेली होती, रोज कुणाच्या तरी पिकावरून तंटा व्हायचा, ही कारणंही खरीच होती. मी त्यांच्याआड लपलो, एवढंच. 'विका आता' म्हणून वर्षभर त्यांच्या मागं लागलो. शेवटी ज्येष्ठात परत आल्यावर त्यांनी सांगवीच्या एका लांबच्या भाऊबंदाला सगळा कळप विकला आणि काठी दाराआड उभी करून ठेवली.

काम सुटलेला माणूस दिवसभर घरात काय करणार, याचा विचार मी केला नव्हता. आबा घरच्या उसाला पाणी द्यायला जायचे आणि वाहत्या पाण्याकडं बघत बसायचे. एकदा असाच बांध फुटला आणि शेजाऱ्याचं रान भिजलं. मी शाळेतून आलो तर तो दारात भांडत उभा. त्याला कसाबसा वाटेला लावून आत गेलो, तेव्हा आबा जेवत होते. मी म्हणालो, "बसून खायाचं तेवढं बरं जमतंय तुमाला."

आबांनी हातातला घास ताटात परत ठेवला. आईनं माझ्याकडं असं बघितलं की मी कपडे बदलायच्या निमित्तानं बाहेर सटकलो.

दिवाळीनंतर आबांना कुणाचा तरी आवाज ऐकू यायला लागला. आधी नुसतीच मान हलवायचे, मग उत्तरं द्यायला लागले. ताट पुढं आलं की "व्हय, व्हय, न्हाय खात" म्हणून सरकवून द्यायचे. आईनं बिरोबाचा भंडारा लावला, लिंबं उतरून टाकली. कुणी म्हणालं देव बोलतोय, कुणी म्हणालं बाहेरचं काहीतरी आहे. आबांच्या गळ्याची हाडं वर आली आणि धोतर कमरेला ठरेना. तेव्हा मी त्यांना एसटीत घालून बारामतीला मनोविकारांच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर तरुण होते, हळू बोलायचे. त्यांनी विचारलं, "बाबा, आवाज काय म्हणतो?"

"बसून खाऊ नगं म्हनतोय."

"कुणाचा आवाज आहे?"

मी खाली फरशीकडं बघत होतो. आबा म्हणाले, "वळख लागत न्हाय."

मला मात्र लागली होती.

डॉक्टरांनी मला बाजूला नेऊन समजावलं. गोळ्यांनी गुण यायला काही आठवडे जातील आणि तेवढा दम या अंगात उरलेला नाही. भूल देऊन डोक्याला थोड्या विजेचा झटका द्यायचा, त्यानं आवाज जाईल अशी चांगली आशा आहे. अलीकडचं काही विसरायला होईल. बरंचसं परत येतं, सगळं येईलच असं सांगता येत नाही.

बाप जगावा म्हणून मी सही केली. हे झालं लोकांना सांगायचं कारण. दुसरं असं, की आबांच्या डोक्यात बसलेला माझा आवाज कुणीतरी काढून टाकायला हवा होता, आणि तो माझा होता हे कुणाला कळायला नको होतं. विसरायला होईल, हे ऐकून मला आतून बरं वाटलं. या गोष्टीची मला आजही शरम वाटते.

एक दिवसाआड शॉक असायचा. रिकाम्या पोटी आणा, पाण्याचा थेंबही देऊ नका, असं नर्स बजावायची, आणि उपाशी माणसाला काय उपाशी ठेवायचं म्हणून आई पदर तोंडाला लावायची. नर्स आबांच्या कानशिलांना गार मलम चोळायची, दातांमध्ये रबर द्यायची, आणि आम्हाला बाहेर काढायची. दार उघडायचं तेव्हा आबा घोरत असायचे. तिसऱ्या शॉकनंतर त्यांनी चहा मागितला. चौथ्यानंतर भाकरी मागितली, तेव्हा आई तिथंच बाकावर बसून रडली.

घरी आल्यावर पहिल्याच सकाळी आबा दाराआडची काठी घेऊन अंगणात आले. म्हणाले, "मेंढरं कुटं हायती?"

विक्री त्यांच्या डोक्यातून गेली होती, आणि तिच्यापाठोपाठ ते ताटावरचं बोलणंही. मी पटकन म्हणालो, "कोकणात. तुमी आजारी पडला, म्हणून सांगवीच्या भाऊबंदांच्या कळपात लावून दिल्यात." आईनं मला चुलीपाशी गाठून म्हटलं, "खरं सांग त्यास्नी." मी म्हणालो, "आत्ता कुठं खायला लागलेत." ती पुन्हा भाकरी थापायला लागली. आबा रोज बोटांवर महिने मोजायचे आणि दोन वेळा पोटभर जेवायचे.

ज्येष्ठात आम्ही बारामतीला दाखवायला गेलो. डॉक्टर खूश झाले. बाहेर पडल्या पडल्या आबा म्हणाले, "आता मेंढरं सांगवीला आली आसतील. चल, बघून यू." सांगवीच्या गाडीत मी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा खिडकीबाहेर बघितलं.

एका मोकळ्या रानात कळप बसवला होता. भाऊबंदानं लांबूनच रामराम घातला आणि आमच्यासाठी भाकरी काढायला पालाकडं गेला. आबांनी जिभेनं टक् टक् केलं. एक म्हातारी मेंढी मान वर करून सरळ त्यांच्याकडं चालत आली. आबा हसले, कितीतरी दिवसांनी. त्यांनी तिचा उजवा कान चाचपला. टोकाला सरळ काप, खाली एक खाच, ही आमच्या घरची खूण. मग त्यांचा हात डाव्या कानावर गेला आणि तिथंच थांबला. डाव्या कानाला दोन खाचा होत्या.

दुसऱ्याच्या कळपात राखायला दिलेल्या मेंढराच्या कानाला कुणी हात लावत नाही. दुसरी खूण पडते ती विकलेल्या मेंढराला. मेंढपाळाच्या पोटी जन्मून खोटं बोलताना मी हे विसरलो होतो. मास्तर झालो होतो ना.

आबांनी बाकीच्या चार-पाच मेंढ्यांचे कान बघितले आणि झाडाखाली येऊन बसले. भाऊबंदानं भाकरी आणि चटणी आणून ठेवली, आणि तो दुधासाठी परत गेला. आबांनी घास मोडला. तो तसाच हातात धरून ते बसले. आता परत सुरू होणार, आता ते ताट सरकवणार.

"समदं आटवतंय," आबा म्हणाले. "बांध फुटला ते बी."

मी मान खाली घातली.

"डाक्टरनं इचारलं तवा वळख लागत न्हाय म्हनलो. आवाज तुजाच हुता. चार मानसांत काय सांगायचं, म्हून न्हाय सांगितलं."

मला रडू फुटलं. आबांनी ते पुरतं होऊ दिलं. मग घास हातात तसाच धरून माझ्याकडं बघितलं.

"आता आत कोन बोलत न्हाय," ते म्हणाले. "तुला काय म्हनायचं आसंल ते तोंडानं म्हन. मी बसून खातुया."

"जेवा, आबा," मी म्हणालो.