मटारांसमोरचा कॅमेरा

विनीता मगदूमने हिमनदी कधी पाहिलेली नाही. थंडीशी तिची खरी ओळख एवढीच, की कॅनबेराला गुंगालिनमध्ये मैत्रिणीकडे गेली असताना सकाळी गाडीच्या काचेवरचं गोठलेलं दहिवर तिने लायब्ररीच्या कार्डाने खरवडलं होतं. तरीही अंटार्क्टिकात, जिथे माणूस वर्षातून एखाद्या वेळी पोचतो, तिथे एका हिमनदीकडे टक लावून उभी असलेली पेटी तिच्या हातची आहे.

ती इचलकरंजीची. इलेक्ट्रॉनिक्स शिकून पुढच्या शिक्षणासाठी सिडनीला आली आणि फी भरण्यासाठी पार्किंग मीटर दुरुस्त करणाऱ्या कंपनीत लागली. पावसापाण्यात, उन्हात, लोकांच्या लाथा खात उभ्या राहणाऱ्या यंत्रांविषयी तिला तिथे आदर वाटू लागला असावा. पर्मनंट रेसिडेन्सी मिळाली, लग्न झालं, सिडनीच्या केलीव्हिल उपनगरात घर झालं, तरी ती त्याच जातीच्या यंत्रांपाशी राहिली. तिथून जवळच, पॅरामॅट्यात राजीव नावाच्या दिल्लीवाल्याचं सहा माणसांचं वर्कशॉप आहे. नदीची पातळी मोजणारी, जंगलातला वारा मोजणारी उपकरणं ज्या पेट्यांत राहतात, त्या पेट्या तिथे बनतात. पेटीच्या आत काय आहे हे सगळे विचारतात. पेटीला काय काय सोसावं लागेल हे फक्त विनीता विचारते.

२०२१च्या हिवाळ्यात, म्हणजे तिथल्या जूनमध्ये, वर्कशॉपकडे हिमनदीचं काम आलं. हिमनदी वाहते, पण इतकी हळू की समोर दिवसभर बसलं तरी कळत नाही. म्हणून एका खडकावर कॅमेरा रोवायचा. तो दर तीन तासांनी आपोआप त्याच जागेचा फोटो काढतो. बर्फातली एखादी भेग आज इथे होती, महिन्याने तिथे दिसते. मधलं अंतर आणि मधला वेळ यांवरून वेग निघतो. कॅमेऱ्याने रोज एक लहान फोटो उपग्रहावरून दक्षिणेकडच्या होबार्ट शहरात पाठवायचा, असंही ठरलं होतं. तो फोटो केरीसाठी होता. केरी ही होबार्टची संशोधक, त्याच हिमनदीवर बारा वर्षं काम केलेली. महामारीमुळे त्या वर्षी होबार्टहून अंटार्क्टिकाला जाणाऱ्या जहाजावर नेहमीच्या निम्मीच माणसं जाणार होती, आणि तिचं नाव यादीतून गेलं होतं.

जूनच्या शेवटी सिडनीत लॉकडाऊन लागला. पेटी पॅरामॅट्याहून विनीताच्या जेवणाच्या टेबलावर आली. वरच्या खोलीत नवऱ्याचं बँकेचं काम, शेजारच्या खोलीत मुलगी रुचाची ऑनलाइन शाळा, आणि खाली तारा, सोल्डरिंगचा धूर. पेटी थंडीत तपासायची तर ज्या प्रयोगशाळेत सोय होती ती बंद. तेव्हा विनीता भास्करभाऊंकडे गेली. भास्करभाऊ अमरावतीचे. त्यांचं इंडियन ग्रोसरीचं दुकान घरापासून दहा मिनिटांवर, आणि दुकानामागे माणूस उभा राहील एवढा मोठा फ्रीझर.

"भाऊ, अकरा दिवस एक पेटी ठेवायची होती. अगदी उणे बावीसवर."

"अकरा दिवस? ताई, गणपती तोंडावर आले. मोदकांचे दोनशे बॉक्स यायचेत. आहे काय पेटीत?"

"कॅमेरा."

"माझ्या मटारावर नजर ठेवायला?"

"हो. पळून जातात का बघायचंय."

"मटार कुठं जाते! गिऱ्हाईक पळून गेले म्हणा," भास्करभाऊ मास्कमधून हसले आणि त्यांनी फ्रोजन पराठ्यांची एक रांग सरकवून जागा केली.

विनीताने मटारांच्या पिशव्यांसमोर पेटी मांडली, एक छोटा दिवा कायम चालू ठेवला, रोजचा फोटो जावा म्हणून अँटेनाची तार दाराच्या रबरातून बाहेर काढून खिडकीला चिकटवली. परीक्षा कडक व्हावी म्हणून दर अर्ध्या तासाला एक फोटो. अकरा दिवसांचे पाचशे अठ्ठावीस.

गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी, गुरुवारी दुपारी, तिने पेटी घरी आणली. फोटो निघाले पाचशे चौदा.

"अरे यार, पाँच सौ में चौदह?" राजीव फोनवर म्हणाला. "नो वरीज! मंगळवारी कुरियर येतोय. भेज दो."

राजीवचं चुकत नव्हतं. मंगळवारचा कुरियर चुकला, तर होबार्टला जहाजाचा कंटेनर बंद होणार होता आणि पुढचं जहाज एक वर्षाने.

"चौदा गेले कुठे, ते सांग. मग पाठवते," विनीता म्हणाली.

संध्याकाळभर ती फोटो बघत बसली. मटार. पुन्हा मटार. मटारांच्या पिशवीवर हळूहळू चढत गेलेलं पांढरं. रुचा मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "ममा, दे आर नॉट मूव्हिंग." विनीता म्हणाली, "माहितीये." आणि पुढचा फोटो लावला. माझ्या ओळखीत चिकाटीची माणसं पुष्कळ आहेत, पण बहुतेकांची चिकाटी बक्षिसाच्या वासावर चालते. इथे समोर फक्त मटार होते.

शेवटच्या दिवसाच्या एका फोटोत एक हात दिसला. निळ्या स्वेटरची बाही, हातात मोदकांचा बॉक्स. फोटोवर वेळ होती पहाटे चार.

तिने दुकानात फोन लावला. "भाऊ, आज पहाटे चारला दुकानात होतात?"

"पहाटे चारला? ताई, पहाटे चारला मी बायकोच्या हाकेला उठत नाही, मोदकाला काय उठतो!"

"मग शेवटच्या दिवशी मोदक काढले कधी?"

"आजच तर. एकच बॉक्स राहिला होता, तो काढला. थांबा, बिल आहे... अकरा वाजून दोन मिनिटं. काऊन, चोरी झाली काय?"

"झाली. सात तासांची."

चौदा फोटो हरवले नव्हतेच. ते काढलेच गेले नव्हते, कारण पेटीतलं घड्याळ सात तास मागे पडलं होतं. कारणही मग सापडलं. रोजचा फोटो उपग्रहाकडे धाडताना पेटी एकदम खूप वीज ओढायची. गारठलेल्या बॅटऱ्यांना ते झेपायचं नाही. त्या क्षणभर दबायच्या, घड्याळ थबकायचं, आणि अर्ध्यापाऊण तासाने पुन्हा चालू व्हायचं. रोज एकदा. कॅमेरा मात्र काही झालंच नाही अशा थाटात पुढचा फोटो काढायचा. बंद पडलेल्या यंत्रापेक्षा असं यंत्र वाईट. हिमनदीचा वेग चुकीचा निघाला असता, आणि कुणालाही संशय आला नसता.

शुक्रवारी गणपती बसले. आरती उरकून विनीताने केरीला फोन केला, राजीवलाही लाइनवर घेतलं.

"उणे बावीसला घड्याळ थांबतंय," ती म्हणाली. "तिथे उणे पस्तीसला पेटीच थांबेल. मोठ्या बॅटऱ्या लावायच्या, तर त्या यायला सध्या सहा आठवडे. एकच मार्ग आहे. फोटो पाठवणारं यंत्र काढून टाकायचं. फोटो आतल्या मेमरी कार्डावर साठत राहतील."

केरी म्हणाली, "म्हणजे वर्षभर मला काहीच दिसणार नाही."

"नाही."

"पेटी वाऱ्याने पडली, बर्फाखाली गेली, पहिल्या आठवड्यात मेली, तरी कळणार नाही."

"नाही कळणार."

"विनीता, कस्टमरला जे हवंय ते देऊ या ना," राजीव मध्ये पडला.

"केरी, तुला रोज एक फोटो हवाय, की वर्षभराचे सगळे हवेत?"

"आणि तुझा अंदाज चुकला तर?"

"तर तुझ्या हाती रिकामं कार्ड येईल, आणि चूक माझी असेल. तसं लिहून देते."

तिने खरंच लिहून दिलं, चार ओळींचा मेल. राजीव वैतागून म्हणाला, "मॅडम, ऐसा कौन लिखता है?" पण त्याने तो मेल अडवला नाही. केरीचं उत्तर दोन शब्दांचं आलं: काढून टाक.

पाठवणारं यंत्र काढून विनीताने पेटी शुक्रवार ते सोमवार पुन्हा मटारांसमोर ठेवली. तीन दिवसांत घड्याळ एका सेकंदानेही हललं नाही. मंगळवारी कुरियर पेटी घेऊन गेला.

त्यानंतरच्या काळाविषयी सांगण्यासारखं काही नाही, आणि मला सर्वांत अधिक आदर त्याच काळाविषयी आहे. डिसेंबरात जहाजावरच्या लोकांनी पेटी खडकावर बसवली, पहिला फोटो निघताना पाहिला आणि ते निघून आले. मग काहीच नाही. सिडनी उघडली, माणसं पुन्हा ऑफिसला जाऊ लागली. कुणी विचारलं, "काय गं, चालतोय का तुझा कॅमेरा?" तर विनीता म्हणायची, "माहीत नाही." चालत असेल असंही नाही, चालायला हवा असंही नाही. माहीत नाही. हे दोन शब्द वर्षभर, न चिडता, न घाबरता उच्चारायला किती बळ लागतं, ते ज्याने कधी उत्तराची वाट पाहिली आहे त्याला कळेल. जूनमध्ये तिकडे सूर्य उगवत नव्हता तेव्हा ती जेवताना मध्येच गप्प व्हायची, एवढं तिच्या नवऱ्याने मला सांगितलं.

२०२३च्या जानेवारीत केरीचा फोन आला. या खेपेला ती स्वतः गेली होती, आणि कार्ड घेऊन नुकतीच होबार्टला परतली होती.

"सगळे आहेत," केरी म्हणाली. "एकूण एक. मधले काही आठवडे नुसते काळे आहेत, रात्रच होती ना. पण काळे फोटोसुद्धा वेळेवर काढलेत."

विनीताने वही पुढे ओढली.

"ऐकते आहेस ना? सोळा महिने मी तुझ्यावर रागावले होते. आता हिमनदीचं अख्खं वर्ष माझ्यासमोर आहे. कडेची एक मोठी भेग रोज दोन हात सरकताना दिसतेय."

"घड्याळ?" विनीताने विचारलं.

"काय?"

"घड्याळ किती मागे पडलं?"

केरीने कागद चाळल्याचा आवाज आला. "वर्षभरात दीड मिनिट."

"दीड मिनिट," विनीता म्हणाली, आणि तिने ते जवळच्या वहीत लिहून घेतलं. मग खुर्चीवर बसली आणि थोडा वेळ रडली.