गजभारे साहेबांचा राहिलेला चौकोन

गजभारे साहेबांनी मला माझ्या खुर्चीवरून उठवलं, म्हणून माझी नोकरी टिकली. आधी त्यांचं नाव घेते, मग काय झालं ते सांगते.

आदिलाबादजवळच्या आमच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढून गाठी बांधायच्या कारखान्यात, नव्वदनंतर चार कॉम्प्युटर आले. वजनकाट्यावर, जिनात, गोदामात, हापिसात. चार भागीदारांनी चार दुकानांतून आणलेले. एकाचं दुसऱ्याला कळत नसे. एकाचा छापील कागद वाचून दुसऱ्यात आकडे भरायचे, हे माझं काम. मी कऱ्हाडकडची, आठवीत शाळा सुटलेली. खुर्ची गेली असती तर परत जायला तोंड नव्हतं.

या चार कॉम्प्युटरांना सांभाळायला मालकांनी पाचवा मागवायचं ठरवलं. रेकॉर्ड बघणारे गजभारे साहेब म्हणाले, "आधी नातं सांगा, मंग मशीन आना." हे त्यांचं नेहमीचंच. नवा झाडू मागितला तरी विचारत, "कोन झाडते, कोनासाठी झाडते?" त्यांनी सुतळी घेतली आणि जिथून जिथे कागद जातो तिथे ताणून बांधली. आठवडाभर मॅनेजर स्वतःच्या केबिनमध्ये रांगत जात होते.

साऱ्या सुतळ्या माझ्या खुर्चीला येऊन मिळाल्या. मॅनेजर सुतळ्यांखालूनच ओरडले, "मंग या बाईलेच काढा ना! गुंता तं इथंच हाय."

मी हातातल्या कागदावरचे आकडे भरतच राहिले.

"काढू," साहेब म्हणाले, "पन आधी एक दिवस उठवून पाहू. बाई, उद्या चिंचेखाली बसा. कोनी बलावलं तरी येऊ नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी मॅनेजर स्वतः चहा घेऊन चिंचेखाली आले. कॉम्प्युटरमध्ये होता तेवढा कापूस गोदामात नव्हता. भरलेली गाडी बैलांसकट काट्यावर चढे. रिकामी मात्र बैल पाण्यावर सोडून. मी रोज काटेवाल्याला विचारून बैलांचं वजन वजा करत असे. मला कोणी सांगितलं नव्हतं, मीही कोणाला नाही. त्या दिवशी बैलही कापसात जमा झाले होते.

"बांधा आता शिंगांच्या गाठी," साहेब म्हणाले.

मग त्यांनी सुतळ्यांवरून कागदावर नकाशा उतरवला. एका चौकोनात माझं नाव, खाली बैलांची गोष्ट माझ्याच शब्दांत. "हे कोन्या मशीनमंदी नाई, बाईमंदी हाय. पाचवं येऊ द्या, त्याले ह्या बाईच शिकवतीन." पाचवा आला, आणि मी त्याला शिकवलं. नकाशा राखायचं कामही माझ्याकडेच आलं.

साहेब निवृत्त होऊन आपल्या गावी, बाजारहत्नूरला गेले, त्यानंतर मी नकाशा नीट पाहिला. काटा होता, कपाट होतं, झाडूसुद्धा होता. गजभारे साहेब कुठेच नव्हते.

तो चौकोन अजून माझ्याच्यानं आखवत नाही. कुठेही ठेवला तरी साऱ्या रेघा तिकडेच वळतात. पण आखीन. तो कागद घेऊन एक दिवस गुडीहत्नूरवरून बाजारहत्नूरची बस धरीन, त्यांच्या दारात उभी राहीन, आणि आधी नातं सांगीन.