मेलेल्या कॅमेऱ्याचा पंचनामा

भूम तालुक्यातल्या त्या आडतीवरची चोरी माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही. मी शिपाई म्हणून भरती झालो, सहायक फौजदार म्हणून निवृत्त झालो. शाळा सातवीपर्यंत. पण हा तपास माझ्या डोक्यानं लागला, हे छातीठोक सांगतो. नाव कुणाचंच घेत नाही.

दिवाळी उलटली होती. आडतदार शेठ सकाळीच ठाण्यात आले. गोदामातलं सोयाबीन रातोरात गेलं म्हणाले. माल गावच्या लोकांचा, भाव वाढेपर्यंत ठेवायला दिलेला. कॅमेरा होता, पण आदल्या दिवशीच बंद पडलेला. संशयितही शेठनीच सांगितला. परंड्यात स्टँडजवळ कॅमेरे दुरुस्त करणारा मिस्त्री.

"त्यानं आत कसलंतरी फुकटचं सॉफ्टवेअर भरलं. कॅमेरा मेला, अन् माल गेला. आता तुमीच समजून घ्या साहेब."

तक्रारदार आरोपीसकट येतो, तेव्हा मी दोघांकडंही नीट बघतो. जागेचा पंचनामा केला, मेलेला कॅमेरा जप्त केला, मिस्त्रीला ठाण्यात आणला.

"काय भरलंस?"

"साहेब, कंपनीचं सॉफ्टवेअर नेट गेलं की आंधळं व्हतंय, अन् चित्र कुठंबी बाहेर पाठवतंय. म्या दुसरं टाकलं. जगातली माणसं मिळून बनवत्यात, फुकट हाय, कुणीबी उघडून बघावं. चित्र जागच्या जागी कार्डावर राहतंय."

फुकट म्हटलं की माझे कान उभे राहतात. "फुकटात कोण राबतंय रे?"

"आवड असती लोकांला."

आमचा हवालदार हसला. "मलाबी ड्युटीची लई आवड हाय!"

कॅमेरा पंचांसमोर खोलला. आतलं बघून मिस्त्री ताडकन उभा राहिला. "ह्यो माझा न्हाय साहेब."

"मॉडेल तेच, डबा तोच."

"डबा तोच, पर चिप दुसरी. कंपनी एकाच डब्यात येगयेगळ्या चिपा घालून विकतिया. माझं सॉफ्टवेअर ह्या चिपेत घातलं की कॅमेरा त्याच घडीला मरतो. अन् शेठ तर दसऱ्याच्या आधीपासून मोबाईलवर बघत व्हते. ह्यात टाकलं असतं तर एक दिस तरी चालला असता का?"

बोलणं पटण्यासारखं होतं, म्हणूनच मला पटेना. पाठ केलेलं उत्तर असंच गुळगुळीत असतं. सायबर शाखेला फोन लावला. तसं होऊ शकतं, पण तपासणीला वेळ लागेल, म्हणाले. इकडं निरीक्षक साहेबांचा हुकूम, उद्या कोर्टात उभा करा, कोठडी मागा.

मिस्त्री हात जोडून म्हणाला, "एकदा कोठडीत गेलो की मला कोण घराला शिडी लावू देईल साहेब? टपरी संपली माझी."

मी चहा सांगितला आणि कॅमेरा हातात घेऊन बसलो. ठाण्यात दसऱ्याला आम्ही रायफलींची पूजा करतो. कुंकू स्क्रूच्या खाचेत बसतं, फडक्यानं कितीही पुसा, निघत नाही. पंचनाम्याच्या वेळी शेठच्या आडतीवर काट्याला कुंकू, पंख्याला कुंकू, शटरच्या कुलपाला कुंकू. या कॅमेऱ्याच्या खाचा मात्र कोऱ्या करकरीत.

शेठना बोलावलं, पंचांना बाजूला बसवलं.

"शेठ, दसऱ्याला पूजा जोरात झालेली दिसती."

"दरवर्षी करतो. कशालाच सोडत न्हाय."

"कॅमेऱ्यालाबी?"

"त्याला तर आधी! म्या स्वतः शिडीवर चढलो. राखणदार हाय त्यो."

मी कॅमेरा पुढं सरकवला. "मग ह्याचं कुंकू कुठं गेलं?"

"पुसलं असंल गड्यानं."

"हाताजवळच्या काट्याचं ठेवलं, अन् एवढ्या उंच चढून ह्याचंच पुसलं व्हय?"

शेठनी चहाची बशी खाली ठेवली. मी पुढं काही विचारलंच नाही. गप्प बसलेल्या पोलिसापुढं माणूस जास्त बोलतो. शेठनी सगळं ओकलं.

मिस्त्री काम करून जाताना सॉफ्टवेअरचं कार्ड ठेवून गेला होता. बिघडलं तर परत टाका, पण दुसऱ्या कॅमेऱ्याला लावू नका, दिसायला सारखा असला तरी मरेल, असं बजावून. शेठनी नेमकं तेच केलं. तसाच दिसणारा नवा कॅमेरा आणून त्यात ते सॉफ्टवेअर टाकून मारला आणि जुन्याच्या जागी टांगला. जुना चांगला चालता, म्हणून फेकवला नाही; प्रकरण निवल्यावर परत लावायचा होता. तो त्यांच्या घरी ज्वारीच्या कोठीत सापडला, खाचेत कुंकवासकट. त्या कॅमेऱ्यातल्या चित्रांच्या कार्डावर शेठ भर दुपारी उभं राहून लोकांचं सोयाबीन टेम्पोत भरून घेत होते. रातोरात कसलं!

मिस्त्रीला सोडला. जाताना म्हणाला, "म्या पयल्यापासून हेच सांगत व्हतो साहेब."

"सांगत तर सगळेच असतात," मी म्हणालो. माझं मत तेव्हाही तेच, आजही तेच. या प्रकरणानं मला एवढंच शिकवलं, वस्तू असो की माणूस, उघडून बघितल्याशिवाय तीच आहे असं लिहून द्यायचं नाही.

आता मुलानं आमच्या दारावर कॅमेरा बसवलाय. दसऱ्याला मी स्वतः शिडीवर चढतो, स्क्रूच्या खाचेत बोटानं कुंकू दाबून भरतो. सून शेजारणीला सांगते, "मामा लई देवभोळे हायेत."

म्हणू दे. मी पूजा करत नाही, खूण करून ठेवतो.