खाडीकडचे दार मी बुजवले

आमचे घर कोलशेतला, खाडीच्या अगदी काठाशी. कुडाच्या भिंती, वर पेंढ्याचे छप्पर आणि दोन दारे: एक गावाकडे, दुसरे खाडीकडे. वडील आणि थोरला भाऊ मिठागरात राबत. मला मात्र वडिलांनी ठाण्याच्या शाळेत घातले आणि पुढे मी तिथेच मास्तर झालो. घराण्यात पायांत जोडा घालून कामावर जाणारा मीच पहिला.

वडील वारले त्याच्या दुसऱ्या वर्षी भाऊ मिठाच्या गलबतावर मुंबईला गेला. तो परतला नाही, गलबतही परतले नाही. वसईकडे काही फळ्या वाहून आल्या, असे कुणी सांगितले. त्या कोणत्या गलबताच्या, हे सांगणारा कुणी भेटला नाही. प्रेत मिळाले नाही म्हणून आईने त्याचे दिवस घालू दिले नाहीत. भाऊ नेहमी खाडीकडच्या दाराने घरात यायचा, आणि आई ते दार दिवसा कधी लावू देत नसे.

अशी चार वर्षे गेली. माझे लग्न झाले. शाळेतले एकदोन मास्तर घरी यायचे म्हणत, आणि मला कुडाच्या भिंतींची लाज वाटू लागली. उन्हाळ्याच्या सुटीत घर पक्के करायचे ठरवले. खडवलीकडच्या भट्टीवरून विटा आणल्या, बाळकुमचा एक म्हातारा गवंडी लावला. सुटी संपायच्या आत काम उरकायचे, एवढेच डोक्यात होते.

गवंड्याने पहिल्याच दिवशी सांगितले, "मास्तर, वाळू नदीची आणा. खाडीच्या वाळूत मीठ असतं. भिंत जन्मात वाळायची नाही."

नदीची वाळू कल्याणच्या वरून आणायची, म्हणजे पंधरा दिवस मोडणार. खाडी तर दाराशी होती. मी म्हटले, "चालेल हीच. वरून चुना आहे ना?"

तो चुना कालवायला वळला. मिठागरवाल्याच्या मुलाला मिठाचे गुण सांगायला त्यालाही संकोच वाटला असेल.

दुसरी गोष्ट खाडीकडच्या दाराची. ते बुजवायचे मी ठरवले होते. लोकांना मी सांगितले की तिकडून ओलसर वारा येतो, चिखलाचा वास येतो. खरे कारण वेगळे होते. दार गेले की आईचे वाट पाहणे जाईल, असे मला वाटले होते. आई एका लग्नासाठी डोंबिवलीला मामांकडे गेली, तेव्हा मी गवंड्याला म्हटले, "एवढं दार बुजवून टाका."

"आईला विचारलंत?"

"विचारलं," मी खोटे बोललो.

"मग चौकट तरी काढू द्या. लाकूड भिंतीत कोंडू नये."

चौकट काढायची तर तिच्यावरचे आडवे लाकूडही उतरवावे लागणार, आणखी दोन दिवस जाणार. मी नको म्हटले. दारासकट चौकट तशीच आत ठेवून दोन्ही बाजूंनी विटा रचल्या, वर गिलावा झाला.

आई आली ती गाठोडे न ठेवता सरळ मागे गेली. ओल्या गिलाव्यावर तिने हात ठेवला. हात न काढता म्हणाली, "आता तो येल कुठशी?"

"अगं आई, आला तर पुढच्या दारानं येईल."

"चिखलाच्या पायांनी? पुढनं यायचं न्हाय, असं मीच त्याला सांगितलंय."

त्या दिवशी ती जेवली नाही.

पावसाळा सरला तरी भिंती ओल्याच राहिल्या. गिलाव्यावर पांढरे मीठ फुलायचे, बायको ते झाडायची, दोन दिवसांत पुन्हा फुलायचे. चुलीचा धूर पूर्वी खाडीकडे निघून जाई, तो आता घरात कोंडू लागला. आई अंथरूण मात्र त्याच भिंतीशी घालायची. तिला खोकला लागला.

मग एके दिवशी बायकोने सांगितले की भिंतीत कुणीतरी ठोठावते.

अमावास्या-पुनवेला आमच्याकडे दुपारी बाराच्या सुमारास भरती पुरी होते. त्याच वेळी आवाज यायचा. मी हसलो. पुढच्या अमावास्येला शाळेला सुटी होती, मी घरीच होतो. भर दुपार, बाहेर लख्ख ऊन. भिंतीतून तीन ठोके आले. थोडे थांबून पुन्हा तीन. दार वाजवणारा माणूस थांबतो, तसे.

आई भाकऱ्या थापत होती. तिने पदराला हात पुसले, भिंतीशी गेली आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "थांब रे. इथं दार न्हाय आता. वळसा घालून ये."

ठोके थांबले. आई पुढच्या दारात जाऊन उभी राहिली. तव्यावरची भाकरी करपली, बायकोने ती उतरवली.

मी बाहेर पडून घरामागे गेलो. पाणी जोत्याला टेकले होते. भिंतीपाशी कुणी नव्हते. लाकूड फुगून वाजते आहे, असे मी स्वतःला बजावले. तरी परत फिरताना त्या भिंतीकडे पाठ करायचा धीर मला झाला नाही.

त्यानंतर त्या तिथींना मी मुद्दाम शाळेत रेंगाळू लागलो. सुटी असली तरी काही काम काढून ठाण्याला जायचो. माघ महिन्यात बायकोने मला दारातच अडवले. "तुम्ही निघून जाता. मी आणि सासूबाई त्या आवाजापाशी राहतो. त्या रोज थोड्या थोड्या खंगतायत. तुम्ही भिंत फोडत नसाल तर मी पहार घेते."

मी बाळकुमला गेलो. 'मी सांगितलं होतं' असे गवंडी एकदाही म्हणाला नाही. वाटेत फक्त म्हणाला, "त्या वेळी तुमचा चेहरा बघूनच कळलं होतं, आईला विचारलेलं नाही. मी हात थांबवायला हवा होता."

भिंत फोडली. आत चौकट काळी पडलेली, एक अंग वाळवीने पोखरलेले. दाराची एक फळी सुटली होती. खालून ओल चढली की ती फुगून विटांवर आपटत असणार. गवंड्याने ती बोटाने ढकलून दाखवली. टक, टक, टक. तोच आवाज.

माझ्या छातीवरचे ओझे उतरले. मी म्हटले, "बघ आई, लाकूड होतं."

आईने फळीकडे पाहिले. "लाकूडच आसल. मग मी थांब म्हटलं की थांबायचं कसं?"

गवंड्याने मान खाली घातली. ठोके थांबलेले मीही माझ्या कानांनी ऐकले होते.

नवी चौकट बसवली. सगळा गिलावा खरवडून काढला, नदीची वाळू आणून पुन्हा केला. त्याला दीड महिना लागला, शाळेत बोलणी खाल्ली. धूर जायला वाट झाली, आईचा खोकलाही उतरला.

पुढच्या अमावास्येला मी रजा घेऊन घरी बसलो. बारा वाजले. पाणी जोत्यापर्यंत चढले, तासाभराने उतरू लागले. उघड्या दारातून नुसता वारा येत होता. ठोका ऐकू येण्याची इतके महिने मला भीती वाटली होती. त्या दुपारी तो न आल्याने अंगावर काटा आला. मी आईकडे पाहिले. ती मासळी निवडत होती, तिने मान वर केली नाही.

ती त्यानंतर दोन वर्षे जगली. शेवटच्या आजारात तिने मला जवळ बोलावले आणि म्हणाली, "माझ्याबरोबर त्याचेही दिवस घाल." मी दोघांचे एकदम घातले.